चौथ्या धबधब्याखालची पट्टी

डोंगराच्या खांद्यावरून खोऱ्यात उतरेपर्यंत नदीला सात धबधबे होते. पहिला नऊ मीटरचा, दुसरा चारचा. तिसरा इतका बुटका की त्याला धबधबा म्हणावं की पायरी, यावर मेंढपाळांचं कधीच एकमत झालं नाही. चौथा अकराचा. पाचवा सहाचा, सहावा खडकाने दुभंगलेला आणि सातवा सगळ्यांत उंच, एकवीस मीटर. चौथ्याच्या वर डाव्या काठाला एक दगडी पाट फुटत होता. पाटाच्या तोंडाशी लाकडी फाटक होतं. पाट खडकाच्या कडेने उतरून पाणचक्कीच्या चाकावर पडायचा आणि पाचव्याच्या खाली जाऊन पुन्हा नदीला मिळायचा. चाकाला पाणी झेलणारे चोवीस खण, त्यांतले सात नव्या लाकडाचे. जात्याच्या दोन दगडी तळ्या. चक्कीला लागून दोन खोल्या आणि कोंबड्यांचं खुराडं. माणसं चार: सासरा, सासू, मुलगा आणि सून. आणि चौथ्या धबधब्याखालच्या डोहात, खडकाला बोल्टने ठोकलेली पांढरी लोखंडी पट्टी एक. तिच्यावर शून्यापासून दोनशेपर्यंत सेंटिमीटरचे काळे आकडे होते.

पट्टी पाणी खात्याची होती. सासरा ती रोज सकाळी सहाला वाचायचा आणि आकडा वहीत लिहायचा. या कामाला अकरा वर्षं होऊन गेली होती. अकरा वह्या भरल्या होत्या, बारावी चालू होती, आणि एकाही दिवसाची जागा कोरी नव्हती. खोऱ्यातले लोक त्याला चक्कीवाला म्हणायचं सोडून पट्टीवाले म्हणू लागले होते, आणि ते त्याला आवडायचं. सासू म्हणायची, मला ताप आला तर हा माणूस कपाळाला हात लावणार नाही, पण पट्टीला सर्दी झाली तर रात्रभर उशाशी बसेल.

त्या वर्षी उन्हाळा लांबला. शरद ऋतू आला तरी वरच्या माळावरचं गवत खाकीच राहिलं. त्यातच खात्याचं पत्र आलं. पहिल्या धबधब्याच्या वर बांध घालून नदीचं पाणी नळात घ्यायचं आणि सातव्याच्या खाली वीजघरात सोडायचं ठरलं होतं. नदी अगदीच कोरडी पडू नये म्हणून एक अट होती: चौथ्या धबधब्याखालच्या पट्टीवर आजवरची सर्वांत कमी नोंद चौदा, पट्टीवर चौदा राहील एवढं पाणी बांधातून कायम सोडायचं, बाकीचं नळात. पट्टी चौदाच्या खाली गेली आणि त्याला एखादा खाजगी पाट कारण असला, तर त्याच्या फाटकाला सील ठोकायचं. पट्टी वाचणारा आणि पाटाचा मालक एकच असल्याने त्याची लेखी संमती हवी होती.

मुलाला पत्र पसंत नव्हतं. सासऱ्याने चष्मा पुसला, सहावी वही काढली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. त्या दुष्काळी वर्षी चौदा लिहिलं होतं.

"त्या दिवशी चाक फिरलं होतं की नाही?" त्याने विचारलं.

"फिरलं होतं," सासू म्हणाली. "सुताराचे दोन पोती जव दळले होते. पैसे अजून दिले नाहीत त्याने."

"झालं तर. चौदावर चाक फिरलंय. ते चौदा ठेवणार आहेत. मग रडायचं कशाला?"

आणि त्याने सही केली. सही करताना त्याची मान थोडी ताठ होती, हे सुनेने पाहिलं. आपल्या आकड्यावर एवढं मोठं धरण उभं राहतंय, याचा त्याला अभिमान वाटत होता. तिला त्यात वावगं वाटलं नाही.

पाणी कमी, दळणं कमी. मुलगा नळासाठी खणायच्या चरावर कुदळ घेऊन कामाला लागला. सकाळी चाक सुरू करून द्यायचा आणि चढावर निघून जायचा. संध्याकाळी परतला की हातांची बोटं सरळ होत नसत. सून कोमट पाण्याच्या घमेल्यात ते हात धरून एकेक बोट उलगडायची. चर पहिल्या धबधब्यापासून सुरू झाला होता. पाच आठवड्यांत तो पाचव्याच्या बाजूला, चक्कीच्या खिडकीतून दिसेल इतका जवळ आला.

पहिलं दहिवर पडलं त्या सकाळी सासरा पट्टी वाचून वर येताना शेवाळावरून घसरला. हाड मोडलं नाही, पण गुडघा भोपळ्याएवढा सुजला. मुलाने त्याला पाठुंगळीला घेऊन वर आणलं, तेव्हा त्याने पहिल्यांदा वही मागितली, मग पाणी. पंधरा, असं त्याने लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून पट्टी सुनेकडे आली.

आदल्या संध्याकाळी त्याने तिला सगळं समजावून सांगितलं. साडेपाचला उठायचं. आधी फाटक उघडायचं, खांबावर घासून पडलेल्या खुणेपर्यंत. वर नाही, खाली नाही. चाकाला पाणी पाजायचं. कोरडं लाकूड आकसतं, सांधे उघडतात, आणि तशा चाकावर एकदम भार टाकला तर खण फाटतात. म्हणून अर्धा तास ते रिकामं फिरू द्यायचं. दळण असो नसो, हे रोज. त्या अर्ध्या तासात खाली उतरायचं आणि पट्टी वाचायची. वाऱ्याने पाणी हलत असेल तर थांबायचं. लाट वर येते तेव्हाचा आकडा नाही, खाली जाते तेव्हाचाही नाही, मधला.

"कळलं?"

"कळलं, मामंजी."

सकाळी फाटकाची साखळी गोठली होती. सुनेने दोन्ही पाय खांबाला रोवून ओढली, फळी हलली नाही. हाताची कातडी लोखंडाला चिकटली आणि सोलून निघाली. नवरा आत बूट चढवत होता. त्याला साखळीवर गरम पाणी ओतायला सांगून ती वेळ फुकट जाऊ नये म्हणून खाली उतरली. डोहावर वाफ होती, वारा नव्हता. पाणी पट्टीला तेवीसवर टेकलं होतं. तिने दोनदा पाहिलं.

वर येऊन तिने आकडा सांगितला तसं सासऱ्याने पेन खाली ठेवलं.

"काल पंधरा होतं. रात्री पाऊस झाला?"

"नाही."

"मग आठ सेंटिमीटर पाणी आलं कुठून? वर मेंढ्या मुतल्या?"

सासू हसली. सून हसली नाही. तो म्हणाला, परत जा, आणि डोळ्यांतली झोप काढून बघ. ती परत गेली. तोवर नवऱ्याने फाटक उघडलं होतं आणि चाक फिरत होतं. पट्टीवर पंधरा होतं.

"बघ," सासरा म्हणाला. "नीट पाहिलं की नीट दिसतं." आणि त्याने वहीत पंधरा लिहिलं.

दिवसभर तिच्या मनात ते रुतून राहिलं. तेवीसच्या आकड्यातला तीन वरच्या बाजूला खरवडलेला होता. तो तिने डोळ्यांनी पाहिला होता. दुसऱ्या दिवशी ती कोणाला न सांगता आधी खाली गेली. तेवीस. वर येऊन नवऱ्याबरोबर फाटक उघडलं, अर्ध्या तासाने पुन्हा उतरली. पंधरा. तिसऱ्या दिवशी तिने काठी नेली आणि पट्टीशेजारी उभी धरून दोन्ही वेळचं पाणी चाकूने काठीवर कोरलं, म्हणजे डोळ्यांवर बोल यायला नको. दोन खाचांमध्ये आठ सेंटिमीटर होते.

ती काठी घेऊन ती दुपारी चरावर गेली. नवरा मातीच्या ढिगावर बसून भाकरतुकडा खात होता. तिने काठी दाखवली. तो म्हणाला, मग? आपण पाणी घेतो म्हणून खाली कमी होतं, हे कोंबडीलाही कळतं.

"कळतं ना? मग वहीत कुठलं आहे? घेण्याआधीचं की घेतल्यावरचं?"

त्याने घास गिळला. मग तो उठला, चराच्या कडेला गेला आणि आत बघत उभा राहिला. चर त्याच्या छातीइतका खोल होता.

"पाच आठवडे," तो म्हणाला. "म्हणजे मी आपलंच पाणी खणून दिलं यांना."

बांधाचं दार बारा दिवसांनी उघडून पाणी नळात जायचं होतं.

म्हाताऱ्याला सांगणार कोण, यावर दोघांची कुजबुज झाली. मुलगा म्हणाला, मी सांगितलं तर ते मला कुदळीने मारतील. तू सांगितलंस तर नुसते बोलतील. शेवटी संध्याकाळी, सासरा खाटेवर पाय लांब करून जात्याच्या वरच्या तळीला टाकी लावत, छिन्नीने नव्या खाचा पाडत होता तेव्हा, सून त्याच्यासमोर जमिनीवर बसली. छिन्नी दगडावर बारीक ठोके देत होती. दगडाची भुकटी त्याच्या भुवयांवर बसली होती.

"मामंजी, चाकाला पाणी पाजायच्या आधी तुम्ही कधी पट्टी वाचलीत?"

"चाक कोरडं टाकून खाली जाऊ मी?"

"म्हणजे कधीच नाही."

"कधीच नाही," तो अभिमानाने म्हणाला.

 सून खुराड्याजवळ बसलेल्या सासूकडे वळून म्हणाली, "सासूबाई, समजा सकाळी खुराड्यात बावीस अंडी असतात. मी त्यातली आठ पदरात घेते आणि मग तुम्हाला टोपली दाखवते. तुम्ही काय मोजाल?"

"चौदा."

"आणि लिहाल, कोंबड्या चौदा अंडी देतात. मग एक जण येतो आणि म्हणतो, तुमची चौदा तुम्हाला, वरची सगळी माझी. त्याने ठेवलेल्या चौदांतून मी पुन्हा आठ घेतली, तर टोपलीत किती?"

सासूच्या ओठांनी हिशेब केला. "सहा," ती म्हणाली, आणि मग, "अगं बाई." तिने नवऱ्याकडे पाहिलं.

छिन्नी थांबली नव्हती. ठोके तेवढेच बारीक, तेवढ्याच अंतरावर पडत होते. एक खाच पूर्ण झाली, त्याने फुंकर मारली आणि दुसरी सुरू केली. सुनेने काठी त्याच्या खाटेवर ठेवली. ती त्याने उचलली नाही.

 दोन दिवस पट्टीचा आकडा सून सांगायची, तो लिहायचा, आणि कुठल्या वेळचा हे विचारायचा नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे ती उठली तेव्हा खाट रिकामी होती. फाटक बंद होतं. ती धावत कडेला गेली. म्हातारा खाली उतरत होता. उभ्याने नाही, बसून, दोन्ही हात मागे टेकून, दुखरा पाय पुढे सरळ धरून, एकेक दगड घसरत. ती कडेलाच थांबली. पट्टीपाशी पोचल्यावर तो बराच वेळ तसाच बसून राहिला. धबधब्याचे तुषार त्याच्या पाठीवर पडत होते. मग त्याने मान वर केली आणि तिला पाहून हाताने खूण केली: उघड.

तिने नवऱ्याला उठवलं. फाटक खुणेपर्यंत उचललं. चाक करकरलं, फिरू लागलं. म्हातारा अर्धा तास पाण्याकडे बघत बसला. मुलाने त्याला वर आणलं तेव्हा त्याचे कपडे भिजून अंगाला चिकटले होते आणि दात वाजत होते.

"एकवीस," तो म्हणाला. "मग चौदा. नदी उतरतेय अजून."

सासूने त्याला घोंगडीत गुंडाळलं. तो म्हणाला, खात्याला निरोप धाडा. मुलगा म्हणाला, निरोपात काय लिहू? बांध चुकीचा मापलाय म्हणून?

"बांध त्यांनी बरोबर मापलाय," म्हातारा म्हणाला. "लिही की पट्टीवाल्याने अकरा वर्षं चुकीचं वाचलं."

दार उघडायच्या तीन दिवस आधी खात्याचे मोजणी साहेब आले, बरोबर एक कारकून. साहेब तरुण होते, बूट चांगले होते आणि सर्दी झालेली होती. बाराही वह्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या. सासऱ्याने उभं राहूनच सगळं सांगितलं, गुडघ्यावर भार न देता, भिंतीला टेकून. फाटक, चाक, अर्धा तास. साहेब ऐकत होते. कारकून वह्या चाळत होता.

"चार हजारांवर नोंदी," कारकून म्हणाला. "आणि रोज नेमाने, वेळेवर चूक. चूक करण्यातसुद्धा एक दिवस खाडा नाही."

मुलाच्या मुठी वळल्या. सासऱ्याने मान हलवली. "खाडा नाही," तो म्हणाला.

साहेबांनी रुमालाने नाक पुसलं आणि शांतपणे अडचण सांगितली. प्रत्येक गावात कोणी ना कोणी पाणी जायच्या आठवड्यात म्हणतं की माप चुकलं. सही यांची आहे, संमती यांची आहे, वह्याही यांच्याच अक्षरातल्या. तरी एक गोष्ट त्यांच्या अधिकारात होती. आजच्या आज, त्यांच्या डोळ्यांसमोर, फाटक बंद असताना आणि उघडल्यावर पट्टी वाचायची. फरक पाचपेक्षा जास्त भरला तर तो चौदात मिळवून ते नवी अट लिहितील आणि बांधातून तेवढं पाणी जास्त सुटेल. पाच किंवा कमी भरला तर ती वाचण्यातली चूक धरली जाईल, आणि जुनीच अट राहील. पट्टीचं काम मात्र दोन्ही परींनी यांच्याकडे राहणार नाही.

"ते बरोबर आहे," सासरा म्हणाला.

मग साहेबांनी एक कागद पुढे केला. सर्व नोंदी पाट चालू असताना घेतल्या, त्या नदीचं पूर्ण पाणी दाखवत नाहीत, असं त्यावर होतं. सासऱ्याने चष्मा लावून तो पूर्ण वाचला. एका जागी शुद्धलेखन चुकलं होतं. ते त्याने कारकुनाला दाखवलं. मग सही केली. कारकुनाने शिक्का काढला आणि एकेका वहीच्या पहिल्या पानावर उमटवू लागला: रद्द. बारा वेळा टेबल हललं. सासूने तोवर चहा ओतला होता. कोणी तो घेतला नाही.

सगळे बाहेर आले. आठवडाभर पाऊस नव्हता आणि नदी आणखी उतरली होती. तिसरा धबधबा आता खरोखरच पायरी झाला होता आणि चौथ्याची धार खडकापासून सुटत नव्हती, दगडाला चिकटून खाली येत होती. पाटाच्या तोंडाशी पाणी रोजच्यापेक्षा दोन बोटं खाली होतं. सुनेने ते पाहिलं. काठीवरचे आठ आज मिळणार नाहीत, हे तिला कळलं. किती मिळतील ते कळत नव्हतं.

नवऱ्यानेही पाहिलं. तो बापाजवळ सरकला आणि साहेबांकडे पाठ करून हळूच म्हणाला, "खुणेवर कशाला थांबता? फाटक पुरतं वर घ्या. चार बोटं जास्त. त्यांना काय कळतंय?"

"आणि उद्या त्या खोट्या आकड्यावर कोणी काही बांधलं तर?" सासरा म्हणाला.

"उद्याचं उद्या. आज चक्की जातेय."

 म्हातारा साखळीपाशी जाऊन उभा राहिला. साहेबांनी विचारलं, खाली पट्टी कोण वाचणार. आपण सगळे पाहूच, पण नोंद घरच्याच माणसाने करावी, म्हणजे नंतर तक्रार नको.

"सूनबाई वाचेल," सासरा म्हणाला. "तिचे डोळे चांगले आहेत."

सून, साहेब आणि कारकून खाली उतरले. साहेबांचा चांगला बूट शेवाळावरून दोनदा सटकला. दुसऱ्यांदा सुनेने त्यांचं कोपर धरलं. पट्टीपाशी ती उकिडवी बसली. पाण्याला हलकी थरथर होती. ती थांबली. थरथर वर गेली, खाली आली. तिने मधला आकडा मोठ्याने सांगितला. साहेब वाकले, त्यांनी पाहिलं आणि मान डोलावली.

धबधब्याच्या आवाजात हाक वर पोचत नव्हती. तिने डोक्याचा रुमाल सोडून हलवला. वर, आकाशाच्या कडेला, म्हातारा साखळी ओढताना दिसला. मुलगा शेजारी उभा होता, हात पुढे करून, पण त्याने बापाला हात लावला नाही. फळी एकेक कडीने वर चढत गेली आणि थांबली. म्हातारा खाली वाकला, डोळा खांबाजवळ नेला, आणि साखळी एक कडी परत सोडली. खुणेवर. मग त्याने खिळा अडकवला.

चाक फिरू लागल्याचा आवाज आला नाही. नुसती चौथ्याची धार थोडी बारीक झाली. कारकून हातावर हात चोळत येरझाऱ्या घालत होता. त्याने एकदा विचारलं, थांबायचं किती. अर्धा तास, साहेब म्हणाले, यांची पद्धत आहे. सून पट्टीवरून नजर काढत नव्हती. खडकावर पाण्याने सोडलेली ओली रेघ हळूहळू रुंद होत होती. मग ती रुंद व्हायची थांबली. तरीही ती बसून राहिली. माथ्यावरून वारा उतरला आणि डोहावर बारीक सुरकुत्या पसरल्या.

"वाचा," कारकून म्हणाला.

"लाट आहे," ती म्हणाली.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. तीस मिनिटं झाली, एकतीस झाली. वारा पडला. सुरकुत्या एकेक करून कडेला गेल्या आणि पट्टीपाशी पाणी काचेसारखं झालं. सुनेने आकडा वाचला, साहेबांनी वाकून पाहिला, आणि त्यांनी तिच्या हातात कोरा तक्ता आणि पेन दिलं. बोटं गारठल्यामुळे पेन तिला मुठीत धरावं लागलं. तिने लिहिलं:

फाटक बंद: वीस.

फाटक उघडं, खुणेवर, एकतीस मिनिटांनी: चौदा.